एकाच ट्रॅकवर फॉर्म्युला वन आणि मोटोजीपी: सेकंद नेमके कुठे जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०१३ मध्ये सेबास्टियन व्हेटेलने फॉर्म्युला वनची पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतल्या सर्वांत जलद वेळेने मिळणारी सुरुवातीची पहिली जागा, १ मिनिट २४.११९ सेकंदांत मिळवली आणि २०२३ मध्ये त्याच ठिकाणी मार्को बेझेकीने मोटोजीपीची पोल १ मिनिट ४३.९४७ सेकंदांत घेतली. मोटोजीपीची मोटारसायकल सरळ पट्ट्यावर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जात असेल, तर ती वीस सेकंद मागे कशी राहते? आणि अमेरिकेतली इंडीकार, फ्रान्समधल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीतल्या हायपरकार, स्टॉक कार अशा सगळ्यांची वेगाची एकच क्रमवारी लावता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा वेळ सरळ पट्ट्यावर जात नाही, तो ब्रेक लावताना आणि वळणात जातो. दुसऱ्याचे उत्तर असे की अशी एक क्रमवारी लावता येत नाही, कारण लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, वाहनाइतकाच ट्रॅकचा आणि नियमपुस्तिकेचाही असतो. रेसिंगमध्ये डेटा पाहण्याचे काम करणाऱ्याला ही दोन्ही उत्तरे रोज आलेखात दिसतात, म्हणून ती आकड्यांसह मांडतो.

आधी बुद्धच्या आकड्यांची दुरुस्ती करायला हवी. फॉर्म्युला वन तिथे ५.१२५ किलोमीटरच्या मार्गावर धावली होती. मोटोजीपीने वापरलेला मार्ग बदललेला आणि ४.९६ किलोमीटरचा होता. त्यामुळे दोन वेळांची थेट वजाबाकी करणे बरोबर नाही. सरासरी वेग काढला तर व्हेटेलचा ताशी सुमारे २१९ आणि बेझेकीचा सुमारे १७२ किलोमीटर येतो. बेझेकीने त्याच सरासरीने ५.१२५ किलोमीटर कापले असते, तर त्याला १ मिनिट ४७ सेकंदांच्या थोडा वर वेळ लागला असता. म्हणजे खरी तफावत वीस नव्हे, तेवीस सेकंदांच्या आसपास आहे. शिवाय या दोन फेऱ्यांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे. २०१३ ची गाडी २.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची होती आणि तिचे किमान वजन ६४२ किलो होते. आजची हायब्रिड फॉर्म्युला वन गाडी या ट्रॅकवर शर्यतीत उतरलेलीच नाही.

म्हणून तुलनेसाठी मला टेक्सासमधील ऑस्टिनचे सर्किट ऑफ द अमेरिकाज अधिक योग्य वाटते. तिथे दोन्ही स्पर्धा ५.५१३ किलोमीटरच्या एकाच मार्गावर होतात. २०२४ मध्ये लँडो नॉरिसची फॉर्म्युला वन पोल १ मिनिट ३२.३३० सेकंदांची होती, तर त्याच वर्षी मॅव्हरिक विनालेसने मोटोजीपीची पोल २ मिनिटे ०.८६४ सेकंदांत घेतली. फरक साडेअठ्ठावीस सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ ३१ टक्क्यांचा आहे. बुद्धवर सरासरी वेगांतून निघणारी तफावत साधारण २८ टक्के होती. तुलना नेहमी टक्क्यांत ठेवावी, कारण सेकंद ट्रॅकच्या लांबीबरोबर वाढतात. टक्केवारीतला बदल मात्र ट्रॅकच्या स्वभावाबद्दल काहीतरी सांगत असतो.

आता हे सेकंद कुठे जातात ते पाहू. सरळ पट्ट्याचा हिशेब आधी संपवतो, कारण तिथे फारसे काही हाती लागत नाही. मोटोजीपीच्या मोटारसायकलचे किमान वजन १५७ किलो असते. हेल्मेट-पोशाखासह रायडर आणि इंधन धरले तर एकूण वजन २४० किलोच्या आसपास जाते, आणि शक्ती तीनशे अश्वशक्तीच्या जवळपास मानली जाते. २०२४ च्या फॉर्म्युला वन गाडीचे चालकासह किमान वजन ७९८ किलो आणि शक्ती हजार अश्वशक्तीच्या आसपास होती. एका किलोमागे किती शक्ती हा भागाकार केला तर दोघींचे उत्तर जवळपास सारखेच येते. वर मोटारसायकलचा समोरचा आकार लहान असल्याने हवेचा एकूण अडथळा तिला कमी असतो. म्हणूनच मोटोजीपी रायडर ब्रॅड बाइंडर २०२३ मध्ये इटलीतील मुजेल्लोला ताशी ३६६.१ किलोमीटरपर्यंत पोहोचू शकला. फॉर्म्युला वन गाडी याच पट्ट्यावर आपले मोठे पंख ओढत असते. ते पंख तिला इथे मागे खेचतात आणि पुढच्या वळणात त्याची भरपाई करतात.

ही भरपाई ब्रेकिंगपासूनच सुरू होते. मोटारसायकलच्या ब्रेकिंगला मर्यादा घालते ती तिची उंची. रायडरसह गुरुत्वमध्य जमिनीपासून बराच वर असतो आणि दोन चाकांमधले अंतर सुमारे १.४ मीटरच असते. त्यामुळे टायरची पकड शिल्लक असतानाच मागचे चाक उचलले जाऊ लागते. ताशी तीनशेच्या वर हवेचा अडथळा मदतीला येतो, रायडर शरीर मागे आणि खाली नेतो, पण एवढे करूनही मंदन सुमारे १.२ ते १.५ जीच्या (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके) पलीकडे फारसे जात नाही. फॉर्म्युला वन गाडी मात्र मोठ्या वेगात पहिल्याच क्षणी ५ जीच्या आसपास मंदावते, कारण डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबणारे हवेचे बल, त्या वेळी सर्वाधिक असते. वेग उतरतो तसे ते बलही उतरते.

हिशेब सोपा आहे. दोन्ही वाहने ताशी ३२० वरून १०० वर येत आहेत असे धरा. मोटारसायकलचे सरासरी मंदन १.२ जी धरले तर तिला सुमारे ३०० मीटर आणि ५.२ सेकंद लागतात. गाडीचे सरासरी ४ जी धरले तर तिला जेमतेम ९० मीटर आणि १.६ सेकंद पुरतात. पण या दोन वेळांची थेट वजाबाकी करायची नाही. मोटारसायकल ब्रेक लावू लागते तिथून पुढे गाडी आणखी दोनशे-दहा मीटर पूर्ण वेगात जाते आणि मग ब्रेक लावते. त्या तीनशे मीटरसाठी गाडीला एकूण ३.९ सेकंद लागतात. म्हणजे एका मोठ्या ब्रेकिंगला सव्वा सेकंदाचा फरक पडतो. ऑस्टिनला अशा जोरदार ब्रेकिंगच्या तीन-चार जागा आहेत. त्या सगळ्यांची बेरीज पाच सेकंदांच्या आसपास जाते. अठ्ठावीसमधले उरलेले बहुतेक सेकंद वळणांत आहेत.

वळणात शंभर मीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार मार्ग घ्या. मोटारसायकलने १.५ जीचा पार्श्व भार पेलला, तर तिचा वेग ताशी १३८ किलोमीटर येतो आणि ते ३१४ मीटर पार करायला ८.२ सेकंद लागतात. त्याच जागी गाडीने ३.५ जी पेलले, तर वेग २११ आणि वेळ ५.४ सेकंद येतो. एकाच वळणात पावणेतीन सेकंदांहून अधिक फरक पडला. आता त्रिज्या पंधरा मीटर, म्हणजे हेअरपिन, जवळजवळ उलट फिरवणारे अगदी हळू वळण घ्या. इथे डाउनफोर्स नगण्य असल्याने गाडीला २ जी आणि मोटारसायकलला १.३ जी धरले, तर वेळ अनुक्रमे २.७५ आणि ३.४१ सेकंद येतो. फरक दोन-तृतीयांश सेकंदाचा आहे. मोठ्या वेगाची लांब वळणे फरक वाढवतात आणि हळू वळणे तो आटोक्यात ठेवतात, हे या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते. ऑस्टिनच्या सुरुवातीचा डावी-उजवीकडे वळणारा वेगवान पट्टा आणि शेवटाकडचे लांबलचक उजवे वळण ही याच कारणामुळे मोटारसायकलची सर्वांत खर्चिक जागा ठरते. डावी-उजवीच्या पट्ट्यात तर तिला प्रत्येक वळणामागे एका बाजूच्या झुकावातून दुसऱ्या बाजूच्या झुकावात जावे लागते. फिरती चाके त्याला विरोध करतात, आणि गाडीला ज्यासाठी स्टीअरिंग किंचित हलवणे पुरते त्यासाठी रायडरला सगळे शरीर वापरावे लागते.

यावर हमखास विचारले जाते की आता मोटारसायकललाही पंख आहेत, मग डाउनफोर्स तिला वळणात का उपयोगी पडत नाही? कारण पंखांचे बल मोटारसायकलच्या अक्षाला धरून असते. ती साठ अंश झुकली की त्या बलाचा निम्माच भाग जमिनीकडे जातो. आडवा भाग तिला वळणाच्या बाहेर ढकलतो आणि टायरच्या पकडीतूनच वजा होतो. पंखांचा मोठा फायदा वेग घेताना पुढचे चाक खाली ठेवण्यात आणि ब्रेक लावताना वाहन स्थिर ठेवण्यात आहे. पात्रता फेरीत दोनशे नव्वद-तीनशे अश्वशक्ती मागच्या एका टायरमधून रस्त्यावर उतरवताना रायडर काय करतो, हे थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणाऱ्या मुठीच्या, आलेखात पाहिले की या खेळाबद्दलचा आदर वाढतोच. एकतीस टक्के हा आकडा रायडरच्या कौशल्याचे माप नाही.

आता दुसरा प्रश्न, क्रमवारीचा. इंडीकार मालिका २०१९ मध्ये ऑस्टिनला आली होती आणि विल पॉवरची पोल १ मिनिट ४६.०१८ सेकंदांची होती. त्याच वर्षी वाल्टेरी बोटासची फॉर्म्युला वन पोल १ मिनिट ३२.०२९ सेकंदांची होती. चौदा सेकंद, म्हणजे सुमारे पंधरा टक्के. दोन्ही उघड्या चाकांच्या, एकआसनी गाड्या, बाहेरून पाहणाऱ्याला बहिणी वाटाव्यात अशा, तरीही एवढे अंतर आहे. इंडीकारमध्ये सर्व संघांची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकाच कारखान्याची, इंजिन २.२ लिटरचे व्ही-६, शक्ती सुमारे सातशे अश्वशक्ती, आणि पॉवर स्टीअरिंग नाही. डाउनफोर्स फार वाढवला तर चालकाच्या हातांना तो पेलणारच नाही. आणखी एक बाब आकड्यांत दिसत नाही: त्या शर्यतीत एकोणिसाव्या वळणाच्या बाहेर जाण्यावर बंदी लावली नव्हती, त्यामुळे इंडीकारचे चालक तिथे रस्ता सोडून बराच रुंद मार्ग घेत होते. फॉर्म्युला वनमध्ये तशी फेरी रद्द झाली असती. रस्ता एकच, पण नियमाने मोजलेली फेरी एक नव्हे.

यावरून इंडीकार ‘हळू’ आहे असे ठरवले, तर इंडियानापोलिसचे काय करणार? तिथल्या अंडाकृती ट्रॅकवर २०२४ मध्ये स्कॉट मॅक्लॉक्लिनने चार फेऱ्यांची सरासरी ताशी सुमारे ३७७ किलोमीटर ठेवून पोल घेतली, आणि आरी लायेन्डाइकचा १९९६ चा चार फेऱ्यांचा विक्रम ताशी ३८१ किलोमीटरच्या वर आहे. फॉर्म्युला वनची सर्वांत वेगवान फेरी इटलीतील मॉन्झाची मानली जाते, आणि तिथे २०२५ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनच्या पोल फेरीची सरासरी ताशी २६५ किलोमीटरच्या किंचित खाली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणतीही गाडी श्रेष्ठ ठरत नाही. अंडाकृती ट्रॅकवर ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत, त्यामुळे फॉर्म्युला वनचा सर्वांत मोठा गुण तिथे वापरलाच जात नाही.

नियमांचा प्रभाव किती असतो हे पाहायचे असेल तर ले माँइतके चांगले ठिकाण नाही, कारण तिथे एकाच आठवड्यात, एकाच डांबरावर, वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या धावतात. २०२३ मध्ये फेरारी हायपरकारने अंतोनियो फुओकोच्या हातून ३ मिनिटे २२.९८२ सेकंदांची पोल घेतली. पण २०१७ मध्ये कामुई कोबायाशीने टोयोटाच्या एलएमपी-१ या तेव्हाच्या सर्वोच्च वर्गातल्या गाडीतून त्याच शर्यतीच्या पात्रता फेरीत ३ मिनिटे १४.७९१ सेकंदांची नोंद केली होती. म्हणजे सहा वर्षांत सर्वोच्च वर्ग आठ सेकंदांनी मंदावला. तंत्रज्ञान मागे गेले नव्हते. खर्च आटोक्यात आणून अधिक उत्पादकांना एकत्र धावता यावे म्हणून नवे नियम गाड्यांना मुद्दाम एका ठरावीक पट्ट्यात ठेवतात.

त्याच २०२३ च्या शर्यतीत प्रायोगिक ‘गॅरेज ५६’ जागेवर अमेरिकेतल्या नॅसकार या स्टॉक कार मालिकेची शेव्हर्ले कमॅरो आली होती. हलकी केलेली, पण मुळात मोठी, व्ही-८ इंजिनाची स्टॉक कार. माइक रॉकेनफेलरने पात्रता सत्रात ३ मिनिटे ४७.९७६ सेकंदांची फेरी मारली आणि जीटीई, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांच्या वर्गातल्या सर्वांत वेगवान गाडीपेक्षाही ती चार सेकंदांहून अधिक जलद होती. अनेकांनी यातून स्टॉक कार ही जीटी कारपेक्षा सरस आहे असा निष्कर्ष काढला, तो मला मान्य नाही. जीटीई गाड्यांचे वजन, इंजिनात शिरणारी हवा आणि इंधन हे सारे वेगवेगळ्या गाड्यांना बरोबरीत आणणाऱ्या संतुलनाच्या नियमाने बांधलेले होते. कमॅरो कोणाशीच स्पर्धा करत नसल्याने तिला तेवढे बांधले नव्हते. जीटी-३ या तशाच दुसऱ्या वर्गातल्या गाड्यांच्या बाबतीत तर हे आणखी कठोरपणे लागू होते. तिथे दोन कंपन्यांच्या लॅप टाइममधला फरक पुष्कळदा आयोजकांनी त्या आठवड्यात दिलेल्या वजनाचा आणि शक्तीचा फरक असतो.

नियम पूर्ण काढून घेतले तर काय होते, याचे उत्तर पोर्शेने २०१८ मध्ये दिले. जागतिक एन्ड्युरन्स मालिकेतून बाहेर पडल्यावर त्यांनी ९१९ हायब्रिड गाडीवरचे निर्बंध उतरवले. इंधन प्रवाहाची मर्यादा काढताच तेच दोन लिटरचे व्ही-४ इंजिन सुमारे पाचशेवरून सातशेवीस अश्वशक्तीवर गेले, वजन ८८८ वरून ८४९ किलोवर आले आणि डाउनफोर्स निम्म्याहून अधिक वाढला. नील यानीने बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँवर ती १ मिनिट ४१.७७० सेकंदांत फिरवली, जे लुईस हॅमिल्टनच्या २०१७ च्या फॉर्म्युला वन पोलपेक्षा, म्हणजे १ मिनिट ४२.५५३ सेकंदांपेक्षा, कमी होते. त्याच वर्षी जूनमध्ये टिमो बर्नहार्डने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांची नोंद करून स्टेफान बेलोफचा १९८३ चा ६ मिनिटे ११.१३ सेकंदांचा विक्रम मोडला. हॅमिल्टनने २०२० मध्ये स्पावर १ मिनिट ४१.२५२ सेकंदांची पोल घेतली, तेव्हा नियमांत बांधलेली फॉर्म्युला वन गाडी मुक्त पोर्शेच्याही पुढे गेली. माझ्या दृष्टीने फॉर्म्युला वनच्या अभियांत्रिकीचा तो सर्वांत ठोस पुरावा आहे.

कोणती फेरी निवडता यावरही बरेच ठरते. ऑस्टिनला २०१९ मध्ये फॉर्म्युला वनची पोल १ मिनिट ३२.०२९ ची होती, पण शर्यतीतली शार्ल लक्लेरची सर्वांत जलद फेरी १ मिनिट ३६.१६९ ची. चार सेकंदांहून अधिक फरक इंधनाच्या वजनाने, झिजलेल्या टायरने आणि ते वाचवून चालवण्याने पडतो. त्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी शंभर किलोहून अधिक इंधन घेऊन सुटत असे आणि दर दहा किलोला फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद असा ठोकताळा वापरला जातो. मोटोजीपीच्या टाकीत बावीस लिटरच मावतात, त्यामुळे तिथे पात्रता फेरी आणि शर्यत यांतले अंतर कमी असते. एका बाजूची पोल आणि दुसऱ्या बाजूची शर्यतीतली फेरी घेऊन केलेली तुलना वाचली, तर ती तिथेच सोडून द्यावी.

विद्युत गाड्यांबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधल्या गुडवुडच्या १.८६ किलोमीटरच्या चढावर मॅक्स चिल्टनने २०२२ मध्ये मॅकमर्ट्री स्पेअरलिंग ३९.०८ सेकंदांत नेली आणि फोक्सवॅगन आयडी.आरची २०१९ ची ३९.९० सेकंदांची वेळ मागे टाकली. तिच्यातले पंखे गाडीखालची हवा उपसून उभ्या गाडीलाही दोन टन दाब देतात, म्हणून हळू वळणातही तिला पकड मिळते. पण एवढ्याशा अंतराची कामगिरी दीड तासाच्या शर्यतीला लागू होत नाही. बॅटरीची उष्णता आणि साठा तिथे आडवे येतात.

ज्यांना स्वतः अशी तुलना करायची आहे, विशेषतः पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या फॉर्म्युला संघांतील विद्यार्थ्यांना, त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर गाड्या आणि मोटारसायकली दोन्ही धावतात, त्यामुळे तिथे मिळणारा डेटा या कामाला चांगला आहे. वेगाचा आलेख वेळेवर नव्हे, अंतरावर काढा, नाहीतर दोन वाहनांची तीच वळणे एकमेकांखाली येणार नाहीत. मोटारसायकल वळणात वेगळी रेषा धरते, त्यामुळे दोघांनी कापलेले अंतरही तंतोतंत सारखे नसते. म्हणून प्रत्येक वळणाचा सर्वांत आतला बिंदू जुळवून घ्या आणि मग साचत जाणाऱ्या वेळेचा फरक खाली वेगळ्या रेषेने काढा. ती रेषा जिथे तीव्र चढते, तिथे तुमचे सेकंद आहेत.

मोटारसायकलच्या चाकावरून मोजलेल्या वेगावर वळणात विसंबू नका. झुकल्यावर टायर कडेच्या भागावर टेकतो, तिथली त्रिज्या कमी असते, आणि दुरुस्ती केली नसेल तर दाखवलेला वेग दहा टक्क्यांच्या आसपास जास्त येऊ शकतो. जीपीएसचाही एक दोष आहे. अँटेना जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच असेल आणि मोटारसायकल पन्नास अंश झुकली असेल, तर अँटेना टायरच्या रेषेच्या साठ सेंटिमीटर आत जाते. शंभर मीटर त्रिज्येच्या वळणात ही चूक अर्ध्या टक्क्याची असते आणि सोडून देता येते. पंधरा मीटरच्या हेअरपिनमध्ये ती चार टक्के होते, म्हणजे ताशी पन्नासला दोन किलोमीटर. हेअरपिनमधल्या किमान वेगाची तुलना करताना आधी एवढी दुरुस्ती करून घ्यावी, आणि मगच थ्रॉटल पूर्ण उघडण्याची जागा कोणाची किती मीटर आधी येते ते पाहावे.